मुक्कामी गाडीची लक्षवेधी

सौ. सिताबाई हिस, बब्रुवानचे आशीर्वाद. (पद्धत आहे म्हणून लिहिले, तुझ्यापुढं ते चालत नाहीत, हे मला ठाऊक आहे.) तुझे गुडघे कसे आहेत? अर्पिता, जावईबापू आणि नातू योगीराज खुशाल असतील. इकडं म्हैस बरी आहे, मीही बरा आहे. शेजारच्या धुरपदावहिनी वाटीभर कालवण देतात आणि वर, ‘अजून आली न्हाय व्हय?’ असं रोज विचारतात. कालवण चांगलं असतं. हे फोनवर बोललो असतो, पण तुम्ही स्पीकर लावता. बायकोची आठवण येते, हे जावयाच्या देखत कसं सांगायचं?

तर परवा मी मुंबईला विधानसभेत जाऊन आलो. हसू नकोस. तू बारशाला म्हणून पुण्याला गेलीस, आता पोरगं चालायला लागलं. येण्याचं विचारलं की तुझं एकच, ‘ईटच्या स्टँडपतुर यीन, पुढं वाडीला संध्याकाळची गाडी कुठाय?’ आपली मुक्कामी एसटी बंद झाल्यापासून तुला हे बरं सापडलंय. म्हणून मी आमदारसाहेबांच्या मागं लागलो. लग्नात, दहाव्यात, दिसतील तिथं त्यांना गाठलं. शेवटी त्यांनी गाडीसाठी लक्षवेधी लावली आणि मला गॅलरीचा पास दिला. (लक्षवेधी म्हणजे ज्याचं लक्ष नाही त्याचं लक्ष ओढून घेणं. घरातही अशी सोय पाहिजे होती.)

दारातच माझी तंबाखूची पुडी काढून घेतली. आत खाली सगळे एकदम बोलत होते, आपल्या ग्रामसभेसारखेच, फक्त इथं गालिचा होता. गलका वाढला की अध्यक्ष सभागृह तहकूब करायचे. पुन्हा भरलं, पुन्हा तहकूब. (तुझ्या येण्याचंही असंच: दिवाळीनंतर, मग संक्रांतीनंतर, मग पोराला दात आल्यावर.) दुपारी मला डुलकी लागली. जाग आली ती अध्यक्षांच्या आवाजानं, ‘अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे.’ मला वाटलं, आपली गाडीच मताला टाकली! माझ्याइतका अनुकूल तिथं दुसरा कोण होता? रानात पलीकडच्या बांधावरच्या माणसाला देतो तसा आवाज दिला, ‘व्हय!’

खाली आमदार थोडेच होते, त्यामुळं माझाच होय सगळ्यात मोठा निघाला. सत्ताधारी हसले, विरोधकही हसले. दिवसभरात त्यांचं एकमत झालं ते एवढ्यावरच. विधेयक भलतंच होतं. कुठल्याशा कलमात ‘आणि’च्या जागी ‘किंवा’ घालायचं होतं. दोघा धिप्पाड मार्शलांनी मला दंडाला धरून बाहेर आणलं. त्यातला एक आपल्याच भागातला, बेंबळीचा निघाला. ‘काका, वरनं बोलायचं नसतंय,’ तो म्हणाला. ‘मग इचारत्यात कशाला?’ मी म्हणालो. त्यानं चहा पाजला, घरचं विचारलं, आणि मी त्याला तुझंच सांगत बसलो. तेवढ्यात आत आपली लक्षवेधी येऊन गेली. ज्यासाठी गेलो तेच ऐकायचं राहिलं. लई जिवाला लागलं. परत येताना पुण्यात उतरावं वाटत होतं. पण बिनबोलावता लेकीच्या दारात उभं राहून ‘माझी बायको द्या’ म्हणायचं कसं? आमदारांच्या गाडीत मान खाली घालून बसून राहिलो.

असो. माझं उत्तम चाललंय. हवं तितकं राहा. घरातल्या मोठ्यांना नमस्कार (म्हणजे तुलाच), योगीराजला पापा.

तुझा,
बब्रुवान

ता. क. पाकीट चिकटवणार तोच आमदारसाहेबांचा फोन आला. गाडी मंजूर! पाडव्यापासून मुक्कामाला येणार. अख्खी वाडी माझ्याकडं पेढे मागतेय आणि मी दार लावून हे लिहीत बसलोय. गाडी नव्हती तोवर ‘गाडी नाही म्हणून येत नाही’ असं लोकांना सांगता येत होतं. मलाही तेच खरं वाटायचं. आता ती रोज दिवेलागणीला पारापाशी येऊन उभी राहणार.

आणखी ता. क. वरचं ‘हवं तितकं राहा’ तेवढं वाचू नकोस. ये. पाडव्याला मी पारापाशी उभा असेन. तू उतरली नाहीस, तर कंडक्टरला जेवायला बोलवायला आलो होतो म्हणून सांगेन. पण सिताबाई, रोज किती कंडक्टर जेवायला घालू?