भिंतीमागची ड्रमवाली

प्रिय मास्तर,

पाकिटावरचं अक्षर तू ओळखलं नसशील, म्हणून आधीच सांगतो, मी अर्धमात्रा. हे नाव तूच ठेवलेलं, आता तुझ्याशिवाय कुणाला आठवतही नसेल. अक्षर वाकडंतिकडं आलंय, कारण स्वयंपाकघरातल्या टेबलाचा एक पाय डुगडुगतो. खरं तर फोनच करायला हवा होता. तीनदा नंबर लावला आणि तिकडे घंटा वाजायच्या आत ठेवून दिला. पंचवीस वर्षांनी कुठल्या तोंडाने बोलायचं? पत्र फाडायचं असेल तर फाड, पण आधी एवढं वाच. येत्या शनिवारी नाही, त्याच्या पुढच्या शनिवारी आपला 'कानठळ्या' बँड पुन्हा एकत्र येतोय. त्याच वाहिनीवर, आणि या वेळी थेट प्रक्षेपण. चुकलं तर कापायची सोय नाही.

सुरुवातच कशी फजितीतून झाली होती, आठवतं? विनोदी कार्यक्रमाचा पाहुणा ऐनवेळी आला नाही आणि तीन मिनिटं रिकामी पडली. लेखकाने कपडेपटातून चार विग काढले आणि आम्हा चार नटांच्या डोक्यावर चढवले. एकालाही धड शिट्टी वाजवता येत नव्हती. पुढे झिपऱ्या गायला, दोघांच्या गळ्यात गिटार, आणि ड्रमवर मी. निघालो होतो जग हादरवायला आणि गाणं कशावर, तर हरवलेल्या छत्रीवर! झिपऱ्या गुडघ्यावर बसून त्या छत्रीसाठी असा टाहो फोडायचा की हसून हसून कॅमेरावाल्याचा कॅमेरा हलायचा. आणि सगळ्यावर कडी माझी. प्रत्येक ओळीला अर्धी मात्रा उशिरा. सगळे थांबले की माझा शेवटचा ठोका पडायचा, आणि चूक प्रेक्षकांची असल्यासारखा मी त्यांच्याकडे बघायचो.

माझ्या ड्रमवर रबर चिकटवलेलं होतं, आवाजच येऊ नये म्हणून. खरा ड्रम प्लायच्या भिंतीमागे आणि त्यावर तू. पण चौथरा एकच, लाकडी. ठोक्याच्या आधी तू डावी टाच फळीवर आपटायचीस, ती माझ्या तळपायाला कळायची आणि मी हात उचलायचो. म्हणून मी बूट घालत नसे. लोकांना ती पात्राची लकब वाटली. एका समीक्षकाने तर माझ्या अनवाणी पायांतल्या बंडखोरीवर अर्धा रकाना खरडला होता, आणि तू तो कापून माझ्या आरशाला चिकटवला होतास. तूच सांगायचीस की उशीर करणं सोपं नसतं. जो मोजून उशीर करतो त्याला वेळ कळते, बाकीचे नुसते चुकतात. हे वाक्य सध्या डोक्यातून जात नाही.

पुढे लोक वेडेच झाले. छत्रीचं गाणं शाळेच्या बसमध्ये वाजायला लागलं, चेष्टेतला बँड खऱ्या मैदानात उभा राहिला, दहा हजार माणसं उघडलेल्या छत्र्या नाचवत होती. तिथेही तू काळ्या पडद्यामागेच. नावांच्या यादीत तुझं नाव कधी आलं नाही आणि मी कधी विचारलंही नाही. विचारलं असतं तर कुणी नाही म्हटलं नसतं.

तू अचानक का गेलीस, ते मला ठाऊक नाही असं मी सगळ्यांना सांगत आलो. ठाऊक होतं. टीव्हीवरच्या त्या मुलाखतीत निवेदिकाबाईंनी मला विचारलं, ड्रम खरंच तुम्ही वाजवता का, आणि मी म्हणालो, मी नाही तर काय भूत वाजवतं? हशा पिकला. तू तेव्हा रंगपटात, हातात चहाचा कप घेऊन, टीव्हीसमोर उभी होतीस. दुसऱ्या दिवशी चौथऱ्यावर तुझ्या दोन्ही काठ्या शेजारी शेजारी नीट ठेवलेल्या होत्या. तू नव्हतीस. मी शोधायला आलो नाही. आलो असतो तर माफी मागावी लागली असती आणि तेवढी हिंमत माझ्यात नव्हती.

तू गेल्यावर सहा भागांतच कार्यक्रम बंद पडला. मग मी ड्रमवरचं रबर खरवडून काढलं आणि तुझ्याच जुन्या ध्वनिफिती ऐकत शिकायला बसलो. वरच्या मजल्यावरच्या काकू बारा वर्षं माझ्याशी बोलल्या नाहीत. खोटं बोललो होतो ते खरं करण्यात निम्मं आयुष्य गेलं, पण आलं गं मला. बायकोसुद्धा कबूल करते, आणि ती सहसा काही कबूल करत नाही.

गेल्या मंगळवारी तालीम झाली. पहिल्याच ओळीला माझा उजवा हात उशिरा पडला. मग पुन्हा. सगळे पोट धरून हसले. पोरसवदा दिग्दर्शकाने येऊन पाठ थोपटली, काका, टायमिंग अजून तस्संच आहे म्हणाला. मीही हसलो. पण मास्तर, तो उशीर मी केला नव्हता. टेबलाचे चारही पाय भक्कम आहेत. डगमगतोय तो माझा हात. डॉक्टरीणबाईंनी आजाराला नाव दिलंय, गोळ्या दिल्यात, आणि हे हळूहळू वाढत जाणार हेही सांगितलंय. त्या शनिवारी माझ्या हातून काठी सुटली, मी स्टुलावरून खाली पडलो, तरी लोक टाळ्याच वाजवतील. हा उशीर मोजलेला नाही, हे ओळखणारं जगात एकच माणूस आहे.

आता तू म्हणशील, गरज सरो वैद्य मरो, आणि पुन्हा गरज पडली की त्याच वैद्याचं दार. म्हण, खरंच आहे ते. काल मी दिग्दर्शकाला सगळं सांगून टाकलं, हाताचं आणि तुझंही. त्याला आधी विनोद वाटला. नंतर हळूच म्हणाला, त्यांनाच बोलवा ना, पूर्वीसारखं भिंतीमागे बसतील. मी नाही म्हणालो. तू बसायचं ते पुढे, उजेडात, पडद्यावर तुझ्या नावानिशी. येशील? नाही आलीस तर तुझं स्टूल रिकामं राहील, आणि ते का रिकामं आहे ते मी कॅमेऱ्याकडे बघून सांगेन, असं ठरलंय. दोन्हीपैकी काहीही झालं तरी नंतर मी जाऊन बसणार प्लायच्या भिंतीमागे. मला तिथे काही काम नाही, पण ती जागा कशी असते ते एकदा कळू दे. तिथून पुढचं काही दिसत नाही, हे तुला मी काय सांगणार? बूट काढून, पाय फळीला टेकवून बसेन. तुझी टाच पडली तर मला कळेल.

तुझाच,
या वेळी पंचवीस वर्षं उशिरा आलेला
अर्धमात्रा