वाळूवरची टाच

अण्णा,

काल मी एका माणसाच्या अंगावर गोल्फचा क्लब उगारला. शेंद्र्याला कंपन्यांच्या मागच्या बाजूला गोल्फच्या सरावाचं एक मैदान झालंय, तिथं मी मुलींना शिकवते. हा माणूस त्यातल्याच एकीचा बाप. शिकलासवरलेला, कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. पोरीनं बॉल मारताना डोकं वर केलं म्हणून त्यानं माझ्यादेखत तिच्या थोबाडीत दिली. दुसरी द्यायला त्याचा हात वर गेला, तोवर माझ्या हातातलं लोखंड त्याच्या कानापाशी पोचलं होतं. तिथं ते थांबलं कसं, हे मला अजून कळलेलं नाही. "मॅडम, वेड लागलंय का तुम्हाला?" तो म्हणाला. वेड वगैरे काही नव्हतं. मला अगदी स्वच्छ दिसत होतं की कुठं लागलं म्हणजे माणूस मटकन खाली बसतो. ही नजर तुमची. तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली, माझी पन्नाशी उलटली, आणि हात काही माझे झाले नाहीत. घरी आल्यावर क्लब कोपऱ्यात ठेवला आणि लिहायला बसले.

तुम्ही छावणीच्या गोल्फ मैदानावर साहेबलोकांच्या बॅगा उचलत वाढलात आणि पुढं त्याच साहेबांना शिकवायला लागलात. कुणाचं पोर नीट मारायला लागलं की घरी येऊन त्याचं कौतुक करायचात, आणि मग आपल्या घरात तसं कुणी नाही म्हणून आमच्यावर डाफरायचात. थोरल्या भावाला आधी शिकवून पाहिलंत. तो एक दिवस क्लब विहिरीत टाकून मामाकडं पळाला, आणि तुमची नजर माझ्यावर वळली. हर्सूलला तळ्याच्या वरच्या अंगाला आपलं रान. बाजरी निघाली की ते मोकळं व्हायचं आणि बांधावरून पार जेलची भिंत दिसायची. त्या रानात तुम्ही माझ्या वेणीला सुतळी बांधायचात, दुसरं टोक मुठीला गुंडाळून बाजूला उकिडवे बसायचात. मी क्लब मागं नेते, खाली आणते, बॉल कुठं गेला म्हणून डोकं जरा वर होतं, आणि तुम्ही हिसका देता. डोळ्यांपुढं काजवे चमकतात. "बॉल कुठं जाणार हाय? रानातच पडंल ना?" तुम्ही म्हणता. "तू कामून बघायलीस?" पुन्हा बॉल, पुन्हा हिसका. एकदा सुतळीसोबत केसांचा पुंजका निघून आला आणि मानेवरून ओघळ आला. मी रडले नाही याचं तुम्हाला केवढं समाधान वाटलं होतं. मलाही वाटलं होतं, हेही लिहून ठेवते.

त्या संध्याकाळी आई चुलीपुढं भाकऱ्या थापत होती. तिनं माझी मान बघितली. तव्यावरची भाकरी उलटली, हात धुतले, गोधड्या शिवायची मोठी कात्री काढली आणि मला पुढ्यात ओढून वेणी मुळापासून कापली. जाड केस, कात्री बोथट, बराच वेळ करकर आवाज येत राहिला. तुम्ही जेवायला बसला होतात. तिनं ती वेणी तुमच्या ताटात, पिठल्यावर टाकली. "घ्या," ती म्हणाली, "वढा आता काय वढायचं ते." तुम्ही ताट उचलून फेकलंत. ताटाची कड तिच्या भुवईवर लागली आणि रक्त डोळ्यात उतरलं. त्या डोळ्यानं काही दिसत नसतानासुद्धा ती तुमच्याकडं बघत उभी राहिली, आणि उठून बाहेर गेलात ते तुम्ही. दुसऱ्या दिवशी मी आपणहून रानात आले. वेणी नव्हती, सुतळी नव्हती, आणि डोकं वर गेलं नाही. त्या आठवड्यात तुम्ही शहागंजच्या बाजारातून गोल्फचे काटेरी बूट आणलेत, पुरुषांचे, माझ्या पायाला दोन बोटं मोठे. पुढं चिंध्या कोंबून मी ते घातले. माफी तुम्ही कधी कुणाची मागितली नाही, पण ते बूट तुम्ही स्वतः खाली वाकून माझ्या पायात चढवलेत. आई भुवईला हळद लावून दारातून पाहत होती.

आता शिकायला येणाऱ्या मुलींना हिरवळीशिवाय गोल्फ असतं हे खरं वाटत नाही. त्यांना सांगावं लागतं की छावणीच्या मैदानात पाणी कुठलं, तिथं होलाभोवती जळकं तेल घालून दाबलेली वाळू असायची, तिला ब्राउन म्हणायचे. बॉल तिथवर आला की लोखंडी नळीला बांधलेली काथ्याची चटई त्या वाळूवरून ओढायची, होलापर्यंत गुळगुळीत पट्टा करायचा, आणि मग शेवटचा हलका फटका, पट, मारायचा. त्या पट्ट्यावर दुसऱ्यानं पाय ठेवायचा नाही. चुकून पडलाच, तर पुन्हा चटई फिरवायची, त्याला कुणाची ना नसे. आपल्या मैदानाचा तो रिवाज सगळ्यांना तुम्हीच तर शिकवलेला.

माझं लग्न मोडलं त्याच वर्षी छावणीत व्यावसायिकांची स्पर्धा आली. गावोगावचे पुरुष खेळाडू येणार, आणि वरच्या फळीत येतील त्यांना पुढच्या मोसमात सगळीकडच्या मोठ्या स्पर्धांत जागा मिळणार होती. बायांसाठी तसलं काहीच नव्हतं. असलं तर चहापाण्याचं आणि बक्षिसात डिनर सेट. मी नाव दिलं. कमिटीतले साहेब हसले, मग चिडले, मग म्हणाले की खेळायचंच असेल तर बायांच्या टीवरून, म्हणजे पहिला फटका मारायच्या पुढच्या, जवळच्या जागेवरून मारा. तुम्ही त्यांच्या टेबलावर दोन्ही हात टेकून म्हणालात, "पुढून मारली तर उद्या तुमीच म्हणसाल बाईला सूट दिली. मागूनच मारंल ती." मला कुणी विचारलं नव्हतं, पण माझंही म्हणणं तेच होतं. नवऱ्याच्या घरून मी परत आले तेव्हा गाव मला बिचारी म्हणायचं. मला त्या जागेची भूक होती, अण्णा. ती मिळाली असती तर माझ्या पोटापाण्याचं आणि माझ्या नावाचं माझं मीच बघितलं असतं. दुसरं काहीच माझ्याकडं नव्हतं.

सरावाच्या दिवशी मागून आलेला एक बॉल माझ्या पोटरीवर बसला. मागून मारणाऱ्यानं ओरडून सावध करायचं असतं, कुणी ओरडलं नाही. मी खाली बसले. मागच्या घोळक्यात कुणीतरी हसलं. तुम्ही आलात, सुजलेल्या जागी अंगठा दाबलात.

"हाड का मास?"

"मास."

"मग चाल."

बॉल मारणारा दुसऱ्या दिवशी माझ्याच जोडीला निघाला. मोठ्या शहरातला, मोठ्या हिरवळींवर खेळलेला, उंचापुरा, देखणासुद्धा. पहिल्याच टीवर म्हणाला, "ताई, लई लांब मारायला जाऊ नका, बांगड्या फुटतील." मी बांगड्या घालत नव्हते. माझा पहिला बॉल त्याच्या पुढं जाऊन पडला. माझी बॅग तुमच्या खांद्यावर, माझे कॅडी तुम्हीच. तुमचा जबडा चालत होता, खरं तर तोंडात काही नव्हतं. लोक वाढत गेले. मैदानाच्या कडेनं छावणीतल्या बाया येऊन उभ्या राहिल्या, त्यांच्यामागं शाळा सुटलेल्या पोरी. मी चांगलं खेळत होते. हे सांगताना नम्र व्हायचं मला काही कारण दिसत नाही. तो मात्र ब्राउनवर चाचपडत होता. त्याला वाळूची सवय नव्हती, बॉल होलाच्या अलीकडं तरी राहायचा नाहीतर पलीकडं तरी जायचा, आणि दर वेळी तो माझ्याकडं बघायचा, ती वाळू जणू मी पसरली होती.

शेवटच्या होलावर हिशेब सोपा उरला होता. माझा पट गेला तर मी जागा मिळवणाऱ्यांत, नाही गेला तर घरी. अंतर फार नव्हतं, पण डोळे मिटून जाईल असंही नव्हतं. तुम्ही चटई ओढलीत. असा पट्टा तुम्ही त्याआधी कधी केला नसेल, काचेसारखा. त्याचा खेळ संपला होता. तो आपला बॉल उचलायला गेला आणि सरळ माझ्या पट्ट्यावरून परत आला. एक पाय ठेवला, दुसरा ठेवला, आणि दुसऱ्या पायाची टाच त्यानं वाळूत गोल फिरवली. माझ्याकडं बघून फिरवली. वाळूत दोन खड्डे पडले.

हे आठवताना इथं मी दर वेळी थांबते, अण्णा. चटई तुमच्या हातातच होती. पुन्हा एकदा फिरवली असती की काम झालं होतं. रिवाज होता, कुणी हरकत घेऊ शकत नव्हतं. तुमच्याइतकं ते कुणाला माहीत होतं? आणि तुम्ही ती लोखंडी नळी दोन्ही हातांनी धरून, खांदे वळवून, मला शिकवलंत तश्शीच फिरवलीत. त्यानं हात आडवा घातला. तुरीची वाळली काडी मोडावी तसा आवाज आला आणि त्याचा पंजा नको तिकडं लोंबायला लागला. तो किंचाळला. तुम्ही दुसरी घातलीत, ती बरगड्यांत. तिसरीला तो खाली होता. "टाच फिरवतो व्हय रे? फिरव! फिरव आता!" असं तुम्ही ओरडत होतात. तुमचे जुने जोडीदार, छावणीतले म्हातारे कॅडीचाचा, मागून कमरेला मिठी मारून ओरडत होते, "छोडो अण्णा, मर जाएंगा उनो!" मग त्याच्याबरोबरची माणसं तुमच्यावर पडली. बूट, क्लब, हाताला लागेल ते. तुमचे पुढचे दोन दात त्या वाळूवर पडलेले मी पाहिले. पोलिसांनी तुम्हाला उचललं तेसुद्धा मारत मारतच.

कॅडीनं केलेलं खेळाडूच्या नावावर लागतं. मला बाद केलं. पुढच्या वर्षीच्या स्पर्धेत कमिटीनं 'फक्त पुरुष' असं ठळक अक्षरात लावलं, आणि त्या बाया आणि पोरी पुन्हा मैदानाकडं फिरकल्या नाहीत. त्याचं मनगट नीट जुळलं नाही असं कानावर आलं. मला वाईट वाटायला हवं होतं, थोडं वाटलंही. आई म्हणाली, "तुह्यासाठी नाय मारलं त्यांनी. सोताचा हात खाजला म्हणून मारलं." तिचं खरं होतं असं मला बरीच वर्षं वाटलं. तुमचा इतका राग आला होता की खटल्याच्या दिवसांत तुम्ही जामिनावर घरी होतात तेव्हा मी तुमच्या ताटात वाढायची नाही, ताट नुसतं सरकवायची. मोठं झाल्यापासून मी तुमच्याकडं जे जे मागितलं नव्हतं ते सगळं तुम्ही दिलंत, आणि जे एक मला हवं होतं ते माझ्या हातातून तुम्हीच काढून घेतलंत.

शेवटी हर्सूलच्या त्याच जेलात तुम्हाला सहा महिने झाले. बांधावर उभं राहिलं की भिंत दिसायची, आणि लहानपणी तुम्ही आम्हाला तिच्यापलीकडं टाकायची धमकी द्यायचात ते आठवून मला हसू यायचं. हसू संपलं की रडू. भेटीला आले तेव्हा जाळीच्या पलीकडं तुम्ही वाळून गेला होतात, दात नसल्यानं बोलणं फसफसत होतं. कसं चाललंय, घरी काय, काहीच विचारलं नाहीत. एवढंच म्हणालात, "त्या खड्ड्यांतून बॉल गेला नसता. नाय का?"

मी तुमच्याकडं बघितलं. तुमची बोटं जाळीत अडकलेली होती आणि तुम्ही त्या उत्तरासाठी थांबला होतात. बाईमाणसापुढं आयुष्यात पहिल्यांदा थांबला होतात.

"नाय गेला असता, अण्णा," मी म्हणाले.

तुम्ही मान डोलावलीत. त्यानंतर जितकी वर्षं जगलात तितकी त्याच उत्तरावर जगलात. पोरीचा पट तुडवला म्हणून मारलं, नायतर आज ती कुठल्या कुठं असती, असं येईल त्याला सांगायचात. अंथरुणाला खिळल्यावर डॉक्टरांनाही सांगितलंत. मी शेजारी बसून हो हो म्हणायची. म्हणून तुम्ही असता तरी हे पत्र तुमच्या हाती दिलं नसतं, आणि आताही ते कुणाला वाचायला देणार नाही.

सगळे ब्राउनच्या कडेला तुमच्यावर तुटून पडले होते, अण्णा, तेव्हा पट्ट्यापाशी मी एकटी उरले होते. पाळी माझी होती. चटई तुमच्या अंगाखाली दबलेली, खड्डे तसेच. मी पाय रोवले आणि मारला. पहिल्या खड्ड्यात बॉल उडाला, दुसऱ्याच्या कडेला लागून वळला, आणि आत गेला. कुणाचंही लक्ष नव्हतं. तुमच्या ओरडण्याचा आवाज येत होता. मी वाकून होलातून बॉल काढला, पुसून खिशात घातला, आणि मग तुम्हाला सोडवायला धावले.