रोबोटचं कपाळ

३० सप्टेंबर

आजपासून रोज लिहायचं. शिरूरच्या गोडाऊनमधलं नवं काम जबाबदारीचं आहे. जाळीच्या पिंजऱ्यात रोबोटचा एक हात उभा आहे. तो ट्रेमधली वस्तू कॅमेऱ्यातून ओळखतो, स्क्रीनवर तिचं नाव दाखवतो आणि उचलून खोक्यात टाकतो. ओळख बरोबर की चूक, ते मी तपासायचं. वस्तू उलटी ठेवायची, साबणाखाली बिस्किटं लपवायची. पुण्याच्या स्नेहल मॅडमनी विश्वासानं दिलंय. पन्नाशीला टेकलेल्याला दुसरं काम कोण देणार?

रोबोटची भीती अजिबात वाटत नाही. तो वळला की मी मागे सरतो, ते केवळ शिस्त म्हणून.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

यंत्रांची पूजा. वयानं मोठा म्हणून सुपरवायझर सतीशनं ताट माझ्या हातात दिलं. वजनकाटा झाला, फोर्कलिफ्ट झाली. रोबोटचा हात बंद करून पिंजरा उघडून दिला होता. बाकीचे प्रसादाकडे वळले. मी एकटाच आत.

टोपी काढून, वाकून नमस्कार केला. मग याचं कपाळ कुठं, ते कळेना. सगळ्यात वर गोल काच होती, तीच कपाळ धरली. ओली हळद, वर कुंकू. मन भरून आलं. आता हा मला सांभाळून घेईल.

३ ऑक्टोबर, सकाळी

साबण ठेवला. स्क्रीनवर: हळद पाकीट. कंगवा ठेवला: हळद पाकीट. चप्पल: हळद पाकीट. समाधान वाटलं. माणसाची पारख यंत्राला येणार नाही, हे मी पहिल्याच दिवशी ताडलं होतं.

दुपारी

स्क्रीनजवळ जाऊन पाहिलं. प्रत्येक फोटोत मधोमध पिवळा डाग. डागात बोटाच्या रेषा.

ते कपाळ नव्हतं.

सतीश म्हणाला, मामा, ह्याचं डोळं आलं का काय? कुनी बिघडवलं कळलं तर मॅडम त्याला गेटाभाईर काढत्याल. मी म्हणालो, काढायलाच पाहिजे.

उद्या खरं सांगून टाकायचं. खंडोबाला नवस बोललो. यातून सोडव, नारळ देईन.

४ ऑक्टोबर

सांगितलं नाही. सतीशचा शनिवारचा उपवास. उपाशी माणसाला वाईट बातमी देऊ नये. त्यापेक्षा काचच पुसावी म्हटलं. पिंजऱ्याला कुलूप. झाडूच्या दांड्याला ओला रुमाल बांधून जाळीतून आत सरकवला. हात साबण उचलत होता. थांबला. हळूच वळला. हळदीआडून माझ्याकडे बघत राहिला. येळकोट मनातच म्हटलं.

त्यानं रुमाल ओढून घेतला, खोक्यात टाकला, खोकं पट्ट्यावरून निघून गेलं. स्क्रीनवर: हळद पाकीट.

रुमालाच्या कोपऱ्यावर आमच्या सोजरनं दोऱ्यानं माझं नाव भरलंय.

५ ऑक्टोबर, रविवार

भीती गेली. उद्या पोचल्याबरोबर सांगणार. आरशापुढं सराव केला, आवाज खणखणीत लागला. सोजर आतून म्हणाली, आवं, कुनाला दटावताय? आन् सदरा का भिजलाय एवढा? उकाडा आहे म्हणालो.

६ ऑक्टोबर

पोट दुखतंय. रजा. खरंच दुखतंय.

सतीशचा फोन. मॅडम उद्या येत्यात, फोटो बघनार हायत. मी विचारलं, कसले फोटो? तो म्हणाला, आवं मामा, कॅमेऱ्यानं जे जे बघितलं ते समदं आत साठवलेलं असतंय की.

जेवलो नाही.

७ ऑक्टोबर

गेलो. म्हणजे पाय घेऊन गेले.

मॅडमनी सगळ्यांना बोलावलं. खंडेनवमीला हात बंद होता, पण कॅमेरा चालूच होता. डाग पडण्याआधीचा शेवटचा स्वच्छ फोटो मोठ्या स्क्रीनवर लावला. माझं डोकं. टोपीशिवाय, वाकलेलं. भोवती हिरवी चौकट, वर नाव: नारळ.

हशा पिकला. मी खरं सांगायला तोंड उघडलं, तर मॅडमनी माझा रुमाल घडी करून पुढे ठेवला. म्हणाल्या, मामा, शनिवारीच कळलं. टेस्टिंगची खोकी बाहेर जात नाहीत. मी दाराकडे बघितलं. त्या म्हणाल्या, घाबरू नका, काढत नाही. काच माखल्यावर यंत्रानं थांबून दिसत नाही म्हणायला हवं होतं. ते खुशाल ठोकून देत राहिलं. ही खोट आमच्या तपासणीत राहूनच गेली होती. आता रोज काचेला तेल, धूळ, हळद लावून बघायचं. तुमच्याइतकं मनापासून कोण लावणार?

मग तक्ता पुढे सरकवला. नारळ ही ओळख बरोबर की चूक, ते तुम्हीच भरा, तपासायचं काम तुमचं.

सतीश म्हणाला, मामा, घाई करू नगा. टोपी काढा, समदी मिळून बघू.

'चूक' लिहिलं. अक्षर हललं. भीतीनं नव्हे, पेन गुळगुळीत होतं.

संध्याकाळी नवस फेडायला दुकानात गेलो. दुकानदार नारळ कानाशी धरून बोटानं वाजवून बघायला लागला. मी म्हणालो, राहू द्या. पेढे द्या.