सुट्टीच्या आठवड्यातलं मोजमाप

प्रिय मास्तर,

सकाळपासून हे पत्र लिहायला चौथ्यांदा बसते आहे. एकदा चहासाठी उठले, एकदा दार वाजल्यासारखं वाटलं म्हणून, आणि एकदा उगाचच. आई पलंगावरून बघते आहे. तुझ्या पायाला कुणी भिंगरी बांधली आहे का, असं दोनदा विचारून झालं. तिची तब्येत आता चांगली आहे, निदान मला ओरडण्यापुरती तरी. मास्तर का येत नाही आताशा, हे ती दर रविवारी विचारते. मी सांगते, लांब राहतो. दोन वर्षं हेच सांगते आहे.

तू तिकडे शाळेत मुलांना कॉम्प्युटर शिकवतोस असं वहिनींनी फोनवर सांगितलं. आम्ही तुला थट्टेने मास्तर म्हणायचो आणि तू खराच मास्तर होऊन बसलास. हसू आलं, पण टिकलं नाही. ज्या माणसाला हॉस्पिटलचे सर्व्हर नुसत्या आवाजावरून ओळखता यायचे, त्याने पाचवीच्या पोरांना माउस कसा धरायचा ते शिकवावं, हे मला सहन होत नाही.

इकडची बातमी अशी की नवे सर्व्हर येणार आहेत आणि त्यांतले ड्राइव्ह निवडायचं काम साहेबांनी माझ्या गळ्यात घातलं आहे. खरेदी विभागातले गृहस्थ रोज येऊन विचारतात, ड्राइव्ह तर ड्राइव्ह, दिसायला सगळे सारखे, मग एवढा घोळ कशाला. मी त्यांना तुझ्याच शब्दांत समजावलं. वाचून ड्राइव्ह झिजत नाही, लिहून झिजतो. साधा ड्राइव्ह पाच वर्षं रोज एकदा काठोकाठ लिहून पुसता येतो, दणकट असतो तो रोज तीनदा. रक्ततपासणीच्या यंत्रांचं लिखाण चोवीस तास चालूच असतं, म्हणून आधी आपलं लिखाण मोजायचं आणि मग ड्राइव्ह निवडायचा. त्यांनी मान डोलावली आणि मागच्या वेळी मोजलं नव्हतं का, असं अगदी साधेपणाने विचारलं. मी पाणी प्यायला उठले.

या वेळी मी सहा आठवडे मोजलं. ड्राइव्ह सरासरी रोज अडीच वेळा भरतो. मागच्या वेळी तू मोजायच्या आधीच तीन म्हणाला होतास. दणकट ड्राइव्ह निवडले आहेत, आणि प्रत्येक जोडीतले दोन वेगवेगळ्या खोक्यांतून आलेले असावेत अशी अटही घातली आहे. जोडीतल्या दोघांवर तेच आणि तेवढंच लिहिलं जातं, म्हणजे एका खोक्यातले दोन जुळे घातले तर ते झिजणारही एकत्रच. एक गेला तर दुसरा आहे, हाच आपला सगळा भरवसा, आणि तोच पोकळ. हे आपल्या दोघांनाही तेव्हा सुचलं नाही. ती चूक आपली निम्मी निम्मी. बाकीची माझी आहे.

चार वर्षांपूर्वीचं तुला आठवत असेल. आकडा मी आणला होता, रोज एकदासुद्धा भरत नाही, साधे ड्राइव्ह पुष्कळ झाले. किती दिवस मोजलंस, असं तू विचारलंस. मी म्हणाले, महिनाभर. मोजला होता एकच आठवडा, तोही सुट्टीचा. बाहेरचे रुग्ण निम्म्यावर आले होते आणि तपासणीचं मोठं यंत्र दुरुस्तीसाठी उघडून पडलं होतं. आई तेव्हा तिसऱ्या मजल्यावर न्यूमोनियाने पडून होती आणि मी दिवसातून दहादा जिना चढत उतरत होते. अति घाई संकटात नेई, असा कागद तू माझ्या टेबलावर चिकटवला होतास, तो रोज बघत होते आणि तरी घाई केली. तू माझ्या मोजणीच्या तक्त्याखाली, तपासलं असं लिहून, सही केलीस. तारखा वरच छापलेल्या होत्या. तुला त्या दिसल्या नसतील, असं मला कधी वाटलं नाही.

बावीस महिन्यांनी एका दुपारी पहिला ड्राइव्ह गेला आणि चाळीस मिनिटांत त्याचा जोडीदारही. आदल्या मध्यरात्रीपर्यंतची प्रत होती, त्यानंतरचं सगळं गेलं. दोनशे अकरा जणांचं रक्त पुन्हा काढावं लागलं. सहा दिवसांच्या एका बाळाला दोनदा सुई टोचलेली मी पाहिली. चौकशी समितीने मोजमाप कुणाचं असं विचारलं तेव्हा तू माझ्याकडे न बघता म्हणालास, माझं. मी तोंडात मिठाची गुळणी धरून उभी होते. तू राजीनामा दिलास आणि तुझी खुर्ची मला मिळाली.

आतापर्यंतचं तुला बहुतेक ठाऊक होतं. पुढचं नाही. आपण किती झिजलो ते ड्राइव्ह स्वतःच सांगतो, टक्क्यांत. तो आकडा दर आठवड्याला बघायचं काम माझं होतं आणि मी तो बघत होते. ब्याऐंशी झाला तेव्हाच मला उलगडलं की आपला हिशेब चुकला आहे. पण बोलले असते तर तक्ता बाहेर आला असता, आणि तक्त्यावरच्या तारखा. म्हटलं, शंभर झाले तरी लगेच बंद पडत नाहीत, पुष्कळ चालतात. झाकली मूठ सव्वा लाखाची. पुढच्या चार महिन्यांत शहाऐंशी झाला, एक्क्याण्णव झाला, पंचाण्णव झाला. तुला दिलेल्या आठवड्याच्या कागदावर मी सगळं ठीक असं लिहीत राहिले. तेव्हा बोलले असते तर ड्राइव्ह एका दुपारात बदलून झाले असते. त्या बाळाला एकच सुई लागली असती.

परवा मी नव्या निवडीच्या अहवालासोबत जुना तक्ता आणि त्या चार महिन्यांचे आकडे जोडून साहेबांच्या हातात दिले. समितीपुढे पुन्हा सगळं येणार. नोकरी बहुधा जाईल, आईला अजून सांगितलेलं नाही. सोमवारी ते तुला फोन करतील, आणि हे पत्र त्याआधी तुझ्या हातात पडावं म्हणून आज लिहिते आहे. मास्तर, मी तुझा स्वभाव ओळखते. तू पुन्हा म्हणशील की मोजमाप माझंच होतं, तिची आई आजारी होती, सोडून द्या. तसं म्हणू नकोस. आई पहिल्या महिन्यातच बरी होऊन घरी आली होती. ते चार महिने मला कसलीच घाई नव्हती, आणि तू रोज माझ्या समोरच्या टेबलावर बसत होतास.

तुझीच,
घाईबाई