मागच्या खोलीचा गारठा

२९ नोव्हेंबर १९९८, रविवार

आटगावला जाऊन सुमीची ओटी भरून आलो. सातवा लागलाय. तारीख माघातली. पोरगी चांगली गोल झालीय, चालताना कमरेवर हात ठेवते. माझी आई ठेवायची तसाच.

जेवणं उरकल्यावर विहीणबाईंनी विषय काढला. बाळंतपण मुरबाडच्या सरकारी दवाखान्यात, हे आधीच ठरलंय. पण नंतरचा सव्वा महिना कुठे? मी म्हटलं, पहिलटकरीण माहेरी येते, त्यात विचारायचं काय. त्या म्हणाल्या, "मागल्या संक्रांतीला तुमच्या मागच्या खोलीत दोन रात्री झोपले. गुडघे धरले ते होळीपर्यंत सुटले नाय. तुमच्या वैशाखरे गावाला घाटावरचा वारा थेट येतो. इथं स्लॅबचा घर हाय, काय कमी हाय?"

राग आला. पण खोटं काय बोलल्या त्या? गेल्या दोन थंड्या मीच तिथे झोपत नाही.

सुमी सासूसमोर गप्प. निघताना चप्पल शोधायच्या निमित्ताने जवळ आली. "आये, मला तुझ्याकडंच यायचाय गो." एवढंच.

शेवटी असं ठरलं: पौषात पाठवणी नाही. संक्रांतीच्या आधी वि.बाई येणार, मागच्या खोलीत एक रात्र झोपणार, मग बोलणार. अंगणवाडीत मी दुसऱ्यांची पोरं काट्यावर घालते. आता माझं घर काट्यावर.

३० नोव्हें.

उदबत्ती घेऊन मागच्या खोलीत फिरले. धूर कुठे आडवा होतो ते बघत. भिंत आणि कौलांच्या मधली फट, दाराखाली, खिडकीची चौकट. पडवीकडच्या कुडाच्या भिंतीला तर माती गळून कारवीच्या काठ्या दिसतात.

हे दारात उभे राहून बघत होते. "उदबत्तीनं वारा मोजतेस, मग देवाला काय लावशील?"

मदत करायची नाही, बोलायचं मात्र. पण मग शिडी कुठे आहे ते न विचारता शोधायला गेले.

३ डिसें., गुरुवार

मार्गशीर्षातला गुरुवार. उपास. उपाशीपोटी ह्यांना शिडी धरली. वरच्या फटीत यंदाचा नवा पेंढा गच्च भरला. सोनेरी दिसत होता. फुकटात काम झालं म्हणून दोघंही खूश.

६ डिसें.

उंदीर. झोडणीत राहिलेल्या लोंब्या पेंढ्यात तशाच होत्या. आम्ही उंदरांना गरम खोली दिली आणि वर जेवणाची सोय पण केली. शेतकऱ्याच्या घरात ही चूक! सासूबाई असत्या तर गावभर झालं असतं.

सगळा पेंढा काढला. हे दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत, जशी काय लोंब्या मी ठेवल्या.

९ डिसें.

भाताच्या गिरणीतून तूस आणलं. नुसतं तूस, दाणा नाही. गिरणीवाला म्हणाला, न्या हवं तेवढं, मला टाकायचाच असतो. खताच्या रिकाम्या गोण्या उभ्या शिवून लांब पिशव्या केल्या, तुसाने भरल्या, भिंतीच्या माथ्यावर आडव्या ठेवल्या. बाळाच्या उशीसारख्या दिसतात. दाराखाली जुन्या गोधडीची गुंडाळी.

११ डिसें.

आज लिंपण. शेण, माती, थोडं तूस. पाटलांच्या सूनबाई आल्या हात लावायला. कोपरापर्यंत माखलो दोघी. ती म्हणाली, "काकी, विहीणबाईंना इथंच चिकटवून ठेवा, म्हंजे परत जायच्या नाय." खूप हसलो. बऱ्याच दिवसांनी एवढं हसले.

१६ डिसें.

भिंत वाळली. पुन्हा उदबत्ती लावली. धूर सरळ वर गेला, अगदी दोऱ्यासारखा. जिंकले म्हटलं. खोबरेलाची बाटली रात्रभर तिथे ठेवली, थंडी बघायला. सकाळी बोट जाईना. दगड.

वारा येत नाही आणि तरी गार. हे काय गौडबंगाल ते कळेना. हे म्हणाले, कोळशाची शेगडी ठेवू. मी म्हटलं, मुळीच नाही. बंद खोलीत शेगडी पेटवू नका हे मी दर महिन्याला बायांना सांगते, आणि माझ्याच नातवंडाजवळ ठेवू?

"मग तूच फुंकर घाल," म्हणाले आणि गेले.

रडू आलं. सुमीचं ते "आये" दिवसभर कानात होतं. आईचं घर पोरीला गार लागावं, यापरीस वाईट काय.

१८ डिसें.

काशीबाई नातीला घेऊन अंगणवाडीत वजनाला आली. जुनी सुईण, वाडीवरची. सुमी तिच्याच हातची, ह्याच मागच्या खोलीत झालेली, आणि तीही पौषात. म्हातारीला म्हटलं, घरी चल, जरा बघ. चहा प्यायली, खोलीत गेली. उदबत्ती वगैरे काही नाही. पडवीकडच्या कुडाला नुसता तळवा लावला.

"ही भित गुरांची होती गो."

मला कळेना.

"पलीकडं बैल असायचं नाय का? रातभर त्यांची ऊब या भितीला. तुमी गुरं काढलीव नि घर थंड झाला. तुझी सुमी झाली तवा काय थंडी नव्हती? कुडाला पाठ लावून बसलेली तू."

बसले होते. आठवलं. पाठीला शेकल्यासारखं वाटायचं, ते बाळंतिणीचं अंग असेल असं मी तेव्हा समजले.

१९ डिसें.

लिहून टाकते, म्हणजे डोक्यातून जाईल. गुरं मीच काढायला लावली. दोन वर्षांपूर्वी आटगावची मंडळी सुमीला बघायला येणार होती तेव्हा. स्लॅबच्या घरातली माणसं, नाकाला पदर लावतील ही भीती. पडवी धुतली, चुना मारला, मंडपवाल्याच्या प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या. गुरं गेली बांधावरच्या नव्या गोठ्यात, ती तिथेच राहिली. सुधारलेलं घर! तेव्हापासून पडवी रिकामी, एका अंगाने उघडी, आणि वारा सगळा त्या कुडावर.

ह्यांना सांगितलं. वाटलं ओरडतील. हे म्हणाले, "तवा मी सांगितलेला." खरंच सांगितलं होतं. मी ऐकलं नव्हतं.

२१ डिसें.

दोन्ही बैल आणि तांबू परत पडवीत. तांबू गाभण आहे, तिला कुडाला लागून बांधली. पडवीच्या उघड्या अंगाला कारवीची ताटी उभी केली. बैल आत शिरताना जराही अडले नाहीत. आपली जागा ओळखली त्यांनी, आम्हीच विसरलो होतो.

२५ डिसें.

मी मागच्या खोलीत झोपते आता. आज सकाळी खोबरेलात बोट गेलं! लोण्यासारखं. कुडाला पाठ लावून बसले थोडा वेळ. चहा तिथेच घेतला.

वास आहे. लपवून काय करू, शेणाचा वास आहे. मला चालतो. पण वि.बाईंना?

४ जाने. १९९९

निरोप आला, वि.बाई ९ तारखेला संध्याकाळच्या एस.टी.ने येणार. घरात दोन पक्ष पडले. हे म्हणतात, गुरं इथंच राहतील, त्यांना काय लाज? मी म्हणते, पहिल्या पावलालाच शेण दिसलं तर त्या रात्र काय, चहालाही थांबायच्या नाहीत. मग सुमी गेलीच.

तोडगा काढला. संध्याकाळी गुरं बांधावर. वि.बाई झोपल्या की हे हळूच आणून बांधतील. गळ्यातल्या घंटा काढून ठेवायच्या. उजाडायच्या आत परत बाहेर. हे कबूल झाले पण म्हणाले, "स्वतःचे बैल चोरून आणायचे. ही पण हौस फिटली."

१० जाने., रविवार

सगळं नीट लिहायचं, एकही शब्द विसरायचा नाही.

वि.बाई काल आल्या. खोलीत गेल्या, भिंतीकडे पाहिलं, तुसाच्या पिशव्यांकडे पाहिलं. भाकरी, वालाचं बिरडं. लवकर झोपल्या. ह्यांनी ठरल्याप्रमाणे गुरं आणली. आवाज म्हणून नाही झाला.

पण सकाळी हेच उठले नाहीत. ऊन अंगणात आलं तरी गुरं पडवीत, आणि वि.बाईंच्या खोलीचं दार बंद. मी चुलीपाशी नुसती बसून.

उन्हं चांगली वर आल्यावर दार उघडलं. केस सुटलेले, डोळे सुजलेले. आधी पडवीत गेल्या. मग माझ्याकडे आल्या.

"बैल कवा आणलेत?"

मी चुलीत लाकूड सारलं.

"घंटा काढलीत ते बरा केलात. पण रवंथ कसा काढणार होतात?"

जमिनीने पोटात घ्यावं असं झालं. तर त्या चुलीपुढे बसल्या, पाय पसरून, आपल्याच घरी बसावं तशा. "माझा माहेर सापगावचा. आमची आजी बाळंतिणीला बैलांच्या कुडाला लावून निजवायची. लग्न झाल्यापासून तो आवाज ऐकला नव्हता. इतक्या उशिरापर्यंत मी कधी झोपत नाय हो."

मग म्हणाल्या, "गुरं काढली होतीत कशाला?"

खरं सांगून टाकलं. "तुमच्यासाठी. बघायला येणार होतात म्हणून."

त्या म्हणाल्या, "नि आमी घरी जाऊन म्हटलेला, माणसं बरी दिसतात पण दावणीला एक जनावर नाय, शेती विकली की काय. म्हणून आठ दिवस होकार लांबवला होता."

आठ दिवस! ते आठ दिवस मला आठवतात. मी रोज नवस बोलत होते.

हसू आवरेना. ह्यांना तेवढ्यात जाग आली, विचारतात काय झालं. कोणी सांगेना.

तरी वि.बाई त्या वि.बाईच. खिडकीखाली बोट लावून म्हणाल्या, "हितून येतो अजून." खरंच बारीक भोक होतं. आणि "सोयर संपेपर्यंत शेण दिवसातनं दोनदा काढायचा, पोराला माशा नकोत." हे बरोबर आहे. मला आधी सुचायला हवं होतं.

पाठवते असं मात्र म्हणाल्या नाहीत. "मुलाला विचारून कळवते." मी परत हिरमुसले.

एस.टी.ची वाट बघताना वडाखाली उभ्या होतो. म्हणाल्या, "ती तांबडी गाय कवा व्यायची?"

"माघात."

"म्हंजे दोघींचा एकदमच. तुमची एकटीची धावपळ होईल. मी येईन चार दिवस, खरवस खायला."

गाडी आली. चढल्या. माझं विचारायचं राहिलं, म्हणजे काय समजायचं? की मुद्दामच विचारलं नाही मी? विचारलं आणि त्या म्हणाल्या असत्या, बघू, तर?

१४ जाने., संक्रांत

अजून निरोप नाही. जावयांना सुट्टी रविवारी, तेव्हाच बोलणं होईल म्हणा.

खिडकीखालचं भोक बुजवलं. जुन्या लुगड्यांची गोधडी शिवायला घेतली, अर्धी झाली. नऊवारीचं सूत मऊ.

तिळगूळ द्यायला काशीबाईकडे गेले. म्हातारी म्हणाली, येईल गो पोर. तिला कसं माहीत.

घरी आले तर बैलांच्या गळ्यात घंटा. हे म्हणाले, "आता कोणापासून लपवायचा?"

बाळाच्या झोळीचा दोर आधी बांधू नये म्हणतात. मी बांधला नाही. मागच्या खोलीत उभी राहून कोणत्या वाशाला बांधायचा, तेवढं बघून ठेवलं.