तिसऱ्या अष्टकातली शिट्टी

कांदिवली (पूर्व),
शुक्रवार

ती. सौ. जयंतीवन्सं यांस,

शुभाचा शिरसाष्टांग नमस्कार. (वाकून केला असं समजा. कंबर धरली आहे, त्याचं कारण पुढे येईलच.) तुमचा गुडघा कसा आहे? भावजींची शुगर? अबोली नीट जेवते ना, की लग्नात बारीक दिसायचं म्हणून तीही काकडीवर आहे? इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिते.

फोन सोडून पत्र कुठून काढलं, असं तुम्हांला वाटेल. आतल्या खोलीत तुमच्या बंधुराजांचा माइक दिवसभर उघडा असतो आणि मी घरात कुठेही बोलले तरी त्यात माझा आवाज शिरतो असं त्यांचं म्हणणं आहे. मेसेज करावा, तर माझं व्हॉट्सअ‍ॅपही त्यांच्याच लॅपटॉपवर उघडं. त्यामुळे कुरिअर.

तुम्ही विचारलंत की मंगलाष्टकं झाली का. तर वन्सं, सिस्टिम तयार आहे. मंगलाष्टकं अजून नाहीत.

तुमची मागणी किती साधी होती! लेकीच्या लग्नासाठी स्वतः रचलीत, स्वतः म्हणून फोनवर रेकॉर्ड केलीत, आणि मागे जरा तानपुरा, सनई लावून दे म्हणून धाकट्या भावाकडे पाठवलीत. आपल्यात मुलीच्या आईनं लग्न लागताना बघायचं नसतं. तुम्ही त्या वेळी तुळशीला पाणी घालत बसणार, तेव्हा निदान आवाज तरी मांडवात असावा, एवढीच तुमची हौस. दुसरा कुणी असता तर दुपारच्या चहाच्या आत करून मोकळा झाला असता. पण तुमचा देवव्रत विम्याच्या कचेरीतून लवकर निवृत्त झालेला माणूस. कचेरीत फाइल पुढे सरकली नाही की तिला प्रोसेस म्हणत. घरी त्यालाच वर्कफ्लो म्हणतात, हे मला आता कळलं.

इंटरनेटवर कुणी एक टोपीवाला गोरा मुलगा आहे, तो ह्यांचा गुरू. त्याचं सांगणं असं की गाणं करायच्या आधी गाणं करायची पद्धत बसवा. (हा मुलगा स्वतः गाणं करताना मी एकदाही पाहिलेला नाही. तो फक्त पद्धत बसवतो.) मग प्रत्येक आवाजाला रंग द्यायचा ठरला. सनई पिवळी, तानपुरा निळा, इथपर्यंत ठीक. तुमच्या आवाजाला आमसुली शोभेल की जांभळा, ह्यावर मात्र मला स्वयंपाकघरातून वारंवार बोलावण्यात आलं. मी म्हटलं, रंग काय ऐकू येणार आहे का? त्यावर 'शुभा, तुला सिस्टिम कळत नाही,' असं सांगून दार लावून घेतलं गेलं.

पुढे तुमचा आवाज साफ करणं आलं. त्या सॉफ्टवेअरमध्ये एक सोय आहे, ठरावीक पातळीच्या खालचा कुठलाही आवाज आला की कापून टाकायचा. ती ह्यांनी सगळ्यात आधी लावली. तुमचा श्वास, पंख्याची घरघर, रस्त्यावरचा भंगारवाला, सगळं गेलं. मग मंगलाष्टकांना ठेका लावला. आता वन्सं, अंतरपाट धरून जे म्हणतात त्याला कधी ठेका असतो का? 'सावधान' किती लांबवायचं हे त्या त्या आत्याच्या दमावर असतं. पण सॉफ्टवेअरमध्ये चौकटी आखलेल्या असतात आणि प्रत्येक अक्षर ओढून चौकटीत बसवता येतं, म्हणून बसवलं. ते ऐकून मला तर वाटलं की तुम्ही बँकेच्या फोनवर आहात आणि आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे असं अबोलीला सांगताय.

तो ठेका उलटा काढण्यात आठवडा गेला, कारण उलटं करायच्या आधी कॉपी ठेवायची असते. लॅपटॉपवर आता 'अबोली फायनल', 'अबोली फायनल खरंच', 'अबोली फायनल देवव्रत' आणि 'अबोली आता पुरे' अशा फाइली आहेत. कुठलीत काय आहे ते ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही.

आणि अशात शिट्टी सापडली. तिसऱ्या कडव्यात, 'कुर्यात् सदा मंगलम्'च्या जरा आधी, कुकरची चांगली खणखणीत शिट्टी. ह्यांनी ती हेडफोनमध्ये पहिल्यांदा ऐकली तेव्हा आमच्या गॅसवर खरोखरच वरणभाताचा कुकर होता. झालं! आरोपी जागेवर सापडला. माझ्या स्वयंपाकामुळे भाचीच्या लग्नाची वाट लागली असं जाहीर झालं आणि कुकर माळ्यावर गेला. (चढवला मी. कंबर तेव्हाच धरली.) कुकर माळ्यावर गेला तरी शिट्टी येतेच. मग हे वरच्या मजल्यावर हर्षदभाईंकडे गेले आणि तुमच्याकडे कुकर किती वाजता लावतात ते विचारून आले. हर्षदभाई सज्जन माणूस, ते म्हणाले, "देवभाई, हमारे यहाँ तो आज ढोकला है, सीटी कहाँ से आएगी?" तरी ह्यांचा संशय गेला नाही. सोसायटीच्या बोर्डावर कुकरच्या वेळांची सूचना लावावी म्हणून सेक्रेटरीला गळ घालून झाली. वायरी बदलल्या, हेडफोन बदलले, सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं, त्यात सगळ्यांचे रंग गेले, ते पुन्हा दिले. शिट्टी जागची हलली नाही.

मी एकदा म्हटलं, अहो, वन्संनी पाठवलेलं मूळ रेकॉर्डिंग एकदा पहिल्यापासून शेवटपर्यंत शांत बसून ऐका ना. त्यावर उत्तर मिळालं की सलग ऐकणं सगळ्यात शेवटी येतं, आधी सिस्टिम. वन्सं, मला ह्याचाच राग येतो. बहिणीनं लेकीसाठी गायलेली आठ कडवी ह्या माणसानं अजून एकदाही सलग ऐकलेली नाहीत. स्क्रीनवरच्या आवाजाच्या लाटा पाहिल्या, रंग पाहिले, चौकटी पाहिल्या. गाणं राहिलं.

बरं, लग्न पुढच्या रविवारी. मामानं नवरीच्या मागे उभं राहायचं असतं, मग लॅपटॉपचं बटण कोण दाबणार? त्यावरही उपाय निघाला आहे. फोनवरून लॅपटॉप चालवायचा, आणि सोवळ्याला खिसा नसतो म्हणून फोन कमरेला खोचायचा. सध्या दिवाणखान्यात त्याची तालीम चालू आहे. काल मधेच त्या टोपीवाल्या मुलाचा व्हिडिओ सुरू झाला. मुहूर्ताला तो तुमच्या व्याह्यांना पद्धत बसवायला सांगेल, अशी मला धास्ती आहे.

बाकी ठीक. थोरांना नमस्कार, अबोलीला गोड पापा, आणि तुमच्या भावाला सुबुद्धी, जिथून मिळेल तिथून.

तुमची,
शुभा

ता. क. : ती शिट्टी तुमच्या कुकरची आहे. मुलुंडचा तो जुना कुकर आधी अडखळतो आणि मग किंचाळतो, मी तो गेली कित्येक वर्षं दर दिवाळीला ऐकते आहे. मला पहिल्याच दिवशी कळलं. पण कुकर माळ्यावर गेल्यापासून आमच्याकडे पोळीभाजी केंद्रातून डबा येतो आणि मी दुपारी पाय पसरून पुस्तक वाचते. तेव्हा लग्न लागेपर्यंत कृपा करून ह्यांना काही सांगू नका.

ता. क. २ : तुम्ही मलाही पाठवलेलं मूळ रेकॉर्डिंग माझ्या फोनमध्ये अजून आहे, ते मी रोज ऐकते. त्यात शिट्टीनंतर तुम्ही थांबता, आवाज भरून आल्यासारखा वाटतो, आणि लांबून अगदी हळू अबोली म्हणते, "आई, केला गं गॅस बंद. तू म्हण पुढे." हळू होतं, म्हणून ह्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या त्या सोयीनं ते कापलं आणि शिट्टी ठेवली. वन्सं, वाढवायचं तुम्ही, रचायचं तुम्ही, गायचं तुम्ही, आणि ऐन वेळी हॉलच्या मागे कुंडीपुढे जाऊन बसायचंही तुम्हीच, हे मला काही पटत नाही. मंगलाष्टकं वेळेवर होणार नाहीत, ती व्हायची गरजही नाही. तुम्ही अंतरपाटाशी उभ्या राहा आणि स्वतः म्हणा. रडू आलं तर थांबा, पोरगी सांगेल पुढे म्हणायला. तुळशीला पाणी घालायला मी जाते. फोन कमरेला खोचलेला मामा मला तसाही बघवणार नाही.