शिव्यांवाचून वाढलेलं ताट

बडकी दीदी,

तुझ्या पायांवर तारिणीचं डोकं टेकलं असं समज. (समोर असतीस तर टेकलं नसतं, मी रागात आहे.) गुडघा कसा आहे? त्या वैद्याचं तेल लावत असशील तर सोड, त्याच्या तेलापेक्षा जिभेलाच चिकटपणा जास्त. भावजींना म्हणावं तंबाखू कमी करा. ऐकणार नाहीत, तरी म्हणावं. इकडे सगळं ठीक आहे. ठीक कसलं, डोंबलाचं!

मृदुलाच्या लग्नात मी हॉलंडच्या व्याह्यांना भर पंगतीत शिव्या घातल्या आणि घराची अब्रू धुळीला मिळवली, असं तुझ्या जावेने तुला सांगितलं म्हणे. तिला कुणी सांगितलं? माझ्या दिराने, देवकान्तने. तिची मुलगी सून म्हणून त्याच्या घरात पडायची आहे, तेव्हा तो म्हणेल ते तिला वेदवाक्य. तर ऐक, घातल्या शिव्या. तोंड भरून घातल्या. का घातल्या ते आता माझ्याकडून ऐक आणि जावेला तिच्या चुलीपाशी बसून सांग.

देवकान्त दरभंग्याला कॉलेजात शिकवतो, म्हणून घरातलं सगळं आम्ही त्याला विचारून करायचं. लग्न तोंडावर आलं तसा अंगणात उभा राहून हुकूम सोडायला लागला. मला म्हणे, "भौजी, ती परकी माणसं. व्याही जेवायला बसला की बायकांनी त्याच्या आईबहिणीचा उद्धार करायचा, ही आपली रीत त्यांना काय कळणार? ताटावरून उठून जातील, आणि पोरगी सासरी जन्मभर टोमणे खाईल." पोरीचं नाव काढलं की आईचं तोंड शिवलंच जातं, दीदी. मी सगळ्या बायकांना दम दिला, एकीनेही शिव्यांचं डहकन गायचं नाही. (शेजारची गुलाबकाकी तर रडली. म्हातारी महिनाभर नव्या ओळी जुळवत बसली होती.) एवढ्यावर थांबला असता तर देवकान्त कसला! माशातली मोहरी काढायला लावली, मिरची काढायला लावली. मोहरीशिवाय मासा! त्यापेक्षा पोखरीच्या पाण्यात तोंड बुडवून बसावं.

तर व्याही हेन्द्रिकबाबू पाटावर बसले. ताडासारखा उंच माणूस, मांडी घालताना गुडघे कानाला लागले, पण खुर्ची नको म्हणाला. शेजारी विहीण योहान्ना, साडी नेसून. भात वाढला, कढी-बडी वाढली, तिलकोराच्या पानांचे कुरकुरीत तरुआ वाढले. आणि शांतता. अशी शांतता, दीदी, की तरुआ चावल्याचा आवाज थेट ओसरीपर्यंत ऐकू यावा. श्राद्धाच्या जेवणालासुद्धा कुणी तरी खोकतं. आम्ही साऱ्या जणी दाराआड तोंडात पदर कोंबून उभ्या, आणि तो बिचारा दोन घास खाऊन दाराकडे बघतोय, परत दोन घास, परत दाराकडे. शेवटी त्याने हात ताटाबाहेर ठेवला. मासा आला, त्याकडेही बघेना.

देवकान्त माझ्या कानाशी पुटपुटला, "तिखट लागलं असेल." तिखट! त्या माशाला पाण्याची चव होती.

व्याही ताटावरून उपाशी उठला तर आपल्याकडे काय म्हणतात ते तुला मी सांगायला नको. एवढ्यात मृदुला रडवेली होऊन आत आली. म्हणाली, "माँ, सासरे विचारतायत, तुझ्या घरच्यांना आम्ही पसंत नाही का? मीच त्यांना सांगितलं होतं, की आमच्याकडे व्याह्याला शिव्या मिळाल्या की तो आपला झाला. ते गावभर सांगून आलेत. आणि इथे तुम्ही त्यांच्याशी मयतीला आल्यासारख्या वागताय!"

मी देवकान्तकडे असं बघितलं की तो खांबाआड गेला. मग गुलाबकाकीला म्हटलं, "म्हातारे, सोड तोंड!"

काकीने नाकापासून सुरुवात केली, 'हेन्द्रिकबाबूंचं नाक गं बाई, त्यावर कावळा करी घरटं'. जावई आपल्या बापाला एकेक ओळ समजावून सांगतोय, आणि तो माणूस, दीदी, फुलला! ताट पुढे ओढलं, मासा खाल्ला, काटे चोखले, आणखी मागितला. मग मलाही राहवेना. मी आपली जुनी, आजीची ओळ उचलली, 'हेन्द्रिकबाबूंची बहीण गं बाई, गेली बांगडीवाल्यामागं'.

जावयाने सांगितलं आणि व्याह्याचा घास हातातच राहिला. तोंड पांढरं. मी मनात म्हटलं, मेले. देवकान्त खांबाआडून फुसफुसला, "मी सांगत नव्हतो?"

तेवढ्यात विहीण हसायला लागली. हसता हसता पाटावरून कलंडली, साडी सुटली, मृदुला धावली. तर म्हणे यांची बहीण खरंच पळाली होती! बांगडीवाला नव्हे, बाजारात गाडीवर चीज विकणारा. घरात त्याचं नाव कुणी काढत नाही. व्याही मला विचारतायत, "तुम्हाला कुणी सांगितलं?" मी म्हटलं, "बाबू, सगळ्यांच्याच बहिणी पळतात, आम्ही फक्त गातो." जावयाने ते सांगितलं तशी त्यांनी मान मागे टाकून जे हसायला सुरुवात केली, ते डोळे पुसूनच थांबले. मग परत भात मागितला.

ही माझी बेअब्रू. आता सांग, चूक कुणाची?

घरी सगळ्यांना आशीर्वाद. जावेला नाही.

तुझी धाकटी,
तारिणी

ता. क. खरं काम राहिलंच. वैशाखात देवकान्त मुलाची वरात घेऊन सहरशाला तुमच्याच दारी येतोय, म्हणजे व्याही म्हणून ताटावर तो बसणार आणि गाणार तुम्ही. त्याची बायको सांगते, त्याने रेशमी कुर्ता शिवलाय आणि तिला विचारत होता, "सहरशाच्या बायकांना माझं नाव ठाऊक आहे ना? 'प्रोफेसर' हा शब्द चालीत बसतो का?" तर दीदी, तुला माझी शपथ, त्याच्या ताटापाशी एकीनेही तोंड उघडायचं नाही. चावू दे त्याला शांततेत. आणि माशात मोहरी घालायची नाही.

ता. क. २. बरं, मोहरी घाल. आणि त्याने हात ताटाबाहेर ठेवलाच, तर फार वेळ ताणू नकोस. नाकापासून सुरू कर, त्याचं नाक हेन्द्रिकबाबूंपेक्षा मोठं आहे. मेला उपाशी उठला तर रात्रभर पोट धरून बसतो, लहानपणापासूनच.